एल्सफर्डचा डूख

कॉलिन-सानचं आडनाव टर्व्ही आहे, हे गुणवंतला चार वर्षांत कधी कळलंच नव्हतं. कोतोमधल्या त्यांच्या संशोधन संस्थेत सगळे त्याला नुसतं कॉलिन-सान म्हणत. आठवड्यातून तीन दिवस यायचा, जपानी शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांचं इंग्रजी तपासून द्यायचा, दुपारी खिडकीपाशी एकटा डबा खायचा आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून निघून जायचा. पन्नाशीचा, जरा वाकलेला, डोक्यावर चार पांढरे केस शिल्लक राहिलेला गोरा. असे गोरे टोकियोत पैशाला पासरी. लिफ्टमध्ये भेटला तर गुणवंत मान हलवायचा, बस. आणि मग मोठ्या भूकंपाला तीन वर्षं होत आली होती त्या फेब्रुवारीत एका सकाळी ऑफिसातल्या बाईंनी एक फाइल आणून दिली, गुणवंतनं ती कॉफीच्या यंत्रापाशी उभ्याउभ्याच उघडली, आणि पहिल्याच पानावर टर्व्ही. जपानी पद्धतीच्या बायोडेटात माणसाला पार मुळापासून खणून काढतात, प्राथमिक शाळेसकट. तिथं जपानी अक्षरांत गावाचं नाव होतं. ए-रु-सु-फो-दो. बालवाडीतल्या पोरासारखं त्यानं ते एकेक अक्षर जुळवून वाचलं, मग पुन्हा वाचलं. एल्सफर्ड. यंत्रानं कॉफी भरून पेला पुढं ढकलला तरी हा आपला तसाच उभा. शेवटी मागचा पोरगा 'सुमिमासेन' म्हणाला तेव्हा कुठं बाजूला झाला. भीती नव्हती ती. आनंद होता, अगदी निर्लज्ज आनंद. एकेचाळीस वर्षं तो या आनंदाची वाट पाहत होता.

गुणवंतचे वडील, दादा, हाडांचे डॉक्टर. गुणवंत चार वर्षांचा असताना ते बायकोमुलाला घेऊन इंग्लंडला गेले आणि तो बारा वर्षांचा झाल्यावर पुण्याला परत आले. मधली आठ वर्षं एल्सफर्ड. नदी गावाला वळसा घालून जायची आणि वळणावर पाणी अडवायचे दोन लाकडी दरवाजे होते; नाव आली की लाकडी पायाचा एक म्हातारा चाक फिरवून ते उघडायचा, पाणी हळूहळू चढायचं आणि नाव माणसांसकट अलगद वर यायची. ते बघत गुणवंत तासन् तास उभा राहायचा. थंडीत पाण्यावरचं धुकं सरळ वर्गात शिरायचं. ओल्या लोकरी मोज्यांचा वास, कोळशाच्या धुराचा वास, तळलेल्या बटाट्यांवर ओतलेल्या व्हिनेगरचा वास. आणि राजहंस! आईच्या गोष्टीतले, दूध आणि पाणी वेगळं करणारे. प्रत्यक्षात महाद्वाड पाखरं, पाव संपला की मांडीला चावायची. तिथं त्याला गस म्हणत. पहिल्या दिवशी बाईंच्या जिभेला 'गुणवंत' पेलेना, म्हणून त्यांनीच बारसं करून टाकलं. त्या गावावर, त्या ओलीवर, त्या चिखलावर त्याचा जीव होता, हीच तर पंचाईत होती. पुण्याला आल्यावर शाळेतली पोरं त्याच्या साहेबी उच्चारांवर फिदीफिदी हसली, तेव्हा त्यानं ते उच्चार वर्षभरात घासूनपुसून काढून टाकले, आणि पुढं कुठल्याही अर्जात एल्सफर्डचं नाव येऊ दिलं नाही. संस्थेत सगळ्यांना तो पुण्याचा म्हणूनच ठाऊक. पण डूख जायला तयार नाही. सापानं धरावा तसा त्यानं तो धरला होता, आणि तो धरला होता कॉलिन टर्व्हीवर.

कारण कॉलिन त्याचा मित्र होता. एकुलता एक. कॉलिनचा बाप नावा दुरुस्त करायचा, त्यांचं घर त्या शेडच्या माडीवर, आणि शाळा सुटली की दोघं तिथं डांबराच्या वासात पडलेले असायचे. आठव्या वर्षी सुट्टीत आजोबांच्या हट्टापायी पुण्यात गुणवंतची मुंज झाली आणि तो डोक्याचा गोटा करून, गळ्यात जानवं घालून एल्सफर्डला परतला. टोपीखाली गोटा झाकला जायचा, पण शाळेचं पोहणं नदीतच असायचं, फळ्या ठोकून केलेल्या हौदात. कॉलिननं जानवं पाहिलं आणि विचारलं, हे काय. गुणवंतनं त्याला शेडमागं नेऊन आजोबांनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं: हा दुसरा जन्म आहे, हे काढायचं नसतं, काढलं तर पाप लागतं, कुणाला सांगू नकोस. चारच दिवसांनी दुपारी वळणापाशी पाच जणांनी त्याला धरलं. चौघांनी हातपाय धरले आणि जानवं काढलं ते कॉलिननं. घाई नाही, गडबड नाही, कानावरून अलगद सोडवून, आई स्वेटर काढते तसं. मग बापाच्या सुरीनं कापलं, मेण लावलं, गळ बांधला आणि पाण्यात टाकला. बोटाएवढा मासा लागला. तो त्यांनी गुणवंतच्या तोंडासमोर धरला, आणि त्या माशाचं तोंड उघडत मिटत होतं. घरी त्यानं सांगितलं, पोहताना पडलं. वडील म्हणाले, "पडतं कसं? काढून ठेवलं असशील." दुसरं जानवं पुण्याहून पोस्टानं यायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे वडील त्याच्याशी कामापुरतंच बोलले. ते जाऊन आता आठ वर्षं झाली. पोरानं निष्काळजीपणा केला, हेच शेवटपर्यंत त्यांच्या मनात राहिलं. आणि गुणवंत एकटाच नव्हे बरं का! त्याच वर्षी हिवाळ्यात युगांडातून हाकललेल्या भारतीयांपैकी एक कुटुंब गावात आलं, त्यांचा हसमुख नावाचा किडकिडीत पोरगा, कुणाचातरी मोठा कोट घालून यायचा. कॉलिननं त्याचेही हाल केले. ही सगळी कहाणी गुणवंत लग्नानंतर दर दोन-तीन वर्षांनी बायकोला सांगायचा, आणि सांगताना त्याचे कान लाल व्हायचे.

फाइलीत एक कागद होता. बजेट कापलं होतं. इंग्रजी तपासणारे दोघं होते, एप्रिलपासून एकच ठेवायचा होता, तर गटप्रमुखांनी आपापलं मत लिहून शुक्रवारपर्यंत शिक्का मारून द्यावं. कॉलिनकडं सगळ्यात जास्त काम गुणवंतच्या गटातल्या जपानी पोरांचं जायचं, म्हणजे मत चालणार ते याचंच. आता जपानात एखाद्याला काढायचं तर त्याच्याविरुद्ध काही लिहायचं नसतं. वाईट लिहिलं की लिहिणाराच हलका ठरतो. हव्या त्या माणसाबद्दल पानभर गोडगोड लिहायचं, आणि नको त्याच्यापुढं दोनच शब्द: 'तोकुनि नाशी'. विशेष काही नाही. झालं काम! रक्ताचा थेंब सांडत नाही आणि माणूस साफ. गुणवंत नवा होता तेव्हा त्यानं एका गुणी पोरीच्या कागदावर भाबडेपणानं हेच लिहिलं होतं. आपल्याकडं लिहितात तसं, तक्रार नाही अशा अर्थानं. मार्चअखेर ती बिचारी खोक्यात सामान भरून त्याला कमरेत वाकून नमस्कार करून गेली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसानं त्याला हळूच समजावलं. तेव्हा चार रात्री झोप नव्हती. आता तेच दोन शब्द त्याच्या तोंडात खडीसाखरेसारखे घोळत होते. दिवसभरात तो तीनदा कॉलिनच्या टेबलावरून गेला. डाव्या भुवईत खोक होती, लहानपणी वल्हं लागून पडलेली. तोच. पेन्सिल कानावर ठेवून कुणाच्या तरी वाक्यात स्वल्पविराम टाकत बसला होता हरामखोर.

हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी विभा भाजी चिरताचिरता थांबली. ती भारतीय शाळेत गणित शिकवायची आणि सूड या विषयात तिचं मत नवऱ्यापेक्षाही पक्कं होतं. "अगं बाई! तोच? नक्की? नाहीतर भलत्याच गोऱ्याच्या पोटावर पाय आणशील."

"तोच. भुवईतली खोकसुद्धा पाहिली."

"मग आता तुझं ते नेहमीचं जाऊ दे, सोडून दे, अजिबात नको हं. देवानं दारात आणून दिलाय. पण आधी त्याला सांग तू कोण आहेस ते. त्याला कळलंच नाही तर कसली आलीय मजा?"

"ते तर आहेच. जेवायला नेतो गुरुवारी. तोंडावर सांगतो."

"कावाइसो," कादंबरी फोनमधून मान वर न काढता म्हणाली. तेरा वर्षांची होती ती, जन्म इथलाच.

"कीव कुणाची करतेस गं?" विभा म्हणाली. "बाबाची का त्या माणसाची?"

कादंबरीनं खांदे उडवले आणि जपानीतच म्हणाली, दोघांची. मग कानात बोंडं घातली.

गुणवंतनं मनात मांडे खायला सुरुवात केली. ते वाक्य तर केव्हाचं तयार होतं. पुण्याला कॉलेजात जाताना, आंघोळ करताना, प्रयोगशाळेत यंत्र थंड व्हायची वाट बघताना त्यानं ते हजारदा म्हटलं होतं: 'ओळखलंस का? मी गस.' नंतर एक शब्दसुद्धा नाही, नुसतं समोरच्याचं तोंड बघायचं. पण या आनंदात एक खडा होता, आणि तो त्याला गुरुवारपर्यंत चावतच राहिला. संस्थेत कॉलिनला सगळे मानत. भूकंप झाला, अणुभट्टी फुटल्याची बातमी आली, तेव्हा चौथ्या दिवशी गुणवंत बायकोमुलीला घेऊन ओसाकामार्गे पुण्याला निघून गेला होता. त्यात गैर काय? हिगाशी-कसाईतल्या अर्ध्या भारतीयांनी तेच केलं. दहा आठवड्यांनी काजूकतलीची खोकी घेऊन परतला, सगळ्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त प्रमुख मोरिता-सेन्सेई एकदा चहा पिताना म्हणाले, "कॉलिन-सान राहिले." बस, एवढंच. कॉलिन राहायचा त्या उरायासुत जमिनीचा चिखल झाला होता, गटारांची झाकणं वर उसळून आली होती, नळ कोरडे. आणि हा शहाणा सायकलवर पाण्याचे डबे लटकवून शेजारच्या म्हाताऱ्यांना नेऊन द्यायचा, आणि वर ऑफिसात यायचा. हे कानावर आलं तेव्हा हा तोच कॉलिन हे ठाऊक नव्हतं, तरी गुणवंतला त्याचा राग आला होता. आता तर काय! ज्यानं आपलं जानवं कापलं तोच इथं धर्मात्मा होऊन बसलाय, आणि आपण पळपुटे. जळफळाट झाला त्याचा, आणि जळफळाटाचीही एक मजा असते; जेवण गोड लागतं, पायांत जोर येतो. तीन दिवस तो स्टेशनचे जिने दोन दोन पायऱ्यांनी चढला.

गुरुवारी कालव्याकाठच्या सोबाच्या, म्हणजे जपानी शेवयांच्या दुकानात दोघं समोरासमोर बसले. कॉलिन खूश होता, चार वर्षांत कुणी गटप्रमुखानं त्याला जेवायला नेलं नव्हतं. गुणवंतनं आपल्या पुणेरी इंग्रजीत अगदी साळसूदपणे विचारलं, तुम्ही मूळचे कुठले. "तुम्हाला नाव माहीत नसेल," कॉलिन म्हणाला, आणि बोलायला लागला. नदी. वळण. शेड. राजहंस मांडीला चावायचे ते. बोलताना त्याचा आवाज बदलला, त्यात ते जुने एल्सफर्डचे हेल यायला लागले आणि गुणवंतच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण हा आवाज त्यानं स्वतःच्या घशातून उपटून काढला होता. वर्षानुवर्षं ज्या गावाबद्दल एक माणूस बोलायला मिळाला नव्हता ते गाव टेबलावर, सोयाच्या बाटलीशेजारी येऊन बसलं होतं. कॉलिन म्हणाला, दरवाजांवर एक म्हातारा होता. "लाकडी पायाचा," गुणवंत बोलून गेला. कॉलिननं चमकून वर पाहिलं. "इंग्रजी गोष्टींत असतातच की तसले म्हातारे," गुणवंत घाईनं म्हणाला, आणि मग त्यानं गळ टाकला. "आमच्याकडची माणसं होती का हो तुमच्या गावात?"

कॉलिननं काड्या खाली ठेवल्या. "होता एक. गस. माझा मित्र." आणि त्यानं सांगितलं. काही म्हणजे काही वगळलं नाही. शेडमागचं गुपित, चार पोरं, मेण, गळ, मासा. "त्याच्या गळ्यातून मी काढलं ते, माझ्या हातांनी. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. त्या पोरांनी मला आपल्यात घ्यावं म्हणून केलं मी ते. इतकं नीच काम मी पुढं आयुष्यात केलं नाही." त्याचे डोळे खरोखर भरले होते. गुणवंतला वाटलं, हाच क्षण. यापरीस माणसाला आणखी काय हवं? शत्रू स्वतः मान पुढं करून बसलाय. जिभेच्या टोकावर आलं: ओळखलंस का. पण कॉलिन थांबला नव्हता. "चुकलो," तो म्हणाला. "त्याहून नीच एक केलंय. हसमुख म्हणून एक पोरगा होता. युगांडाचा. त्याचं मात्र आम्ही दोघांनी केलं. मी आणि गसनं."

गुणवंत म्हणाला, "दोघांनी?"

"आम्हाला काय कळत होतं हो? आम्ही त्याला चिडवायचो, कोट ओढायचो, तो हसायचा. कुठं दुखतं ते गसनं दाखवलं. तो पोरगा मांस खायचा नाही, शाळेतलं मांस रुमालात बांधून गुपचूप फेकून द्यायचा. ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. गसनं येऊन सांगितलं. आम्ही त्याला दरवाजांपाशी नेलं. सॉसेज मी कोंबलं तोंडात. हात गसनं धरले होते." गुणवंतच्या समोरचा सोबा गार झाला होता. त्याला वाटलं ओरडावं, खोटं, साफ खोटं, तू एकट्यानं केलंस! पण त्या मोठ्या कोटाच्या बाह्यांत खोल शिरून सापडलेली ती मनगटं त्याच्या हातांना लख्ख आठवली, किती गरम होती ती. आणि पोरगा कॉलिनकडं बघतच नव्हता, मान वळवून याच्याकडं बघत 'भाई, भाई' म्हणत होता. नंतर चौघांनी गसच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून पुढं चार वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. ती चार वर्षं किती सुखात गेली! विभाला सांगताना हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगत नाही आहोत हेही त्याला कळेनासं झालं होतं.

"मी त्याला शोधून काढला," कॉलिन म्हणाला. "दहा वर्षं झाली. लेस्टरला औषधांचं दुकान आहे त्याचं. माफी मागितली. तो म्हणाला, तुझं मला काही वाटत नाही, तुम्ही परकेच होतात. तो दुसरा कुठं आहे ते सांग. त्याला मी अजून शोधतोय, म्हणाला." मग दोघांनी चहा संपवला. बाहेर पडताना कॉलिन सायकलचं कुलूप काढताकाढता थांबला. "डॉक्टर, तुम्ही कधी एल्सफर्डला होतात का?"

"छे," गुणवंत म्हणाला. "मी पुण्याचा."

कॉलिननं कुलूप सोडवून खिशात टाकलं, त्याच्याकडं बघतच. मग म्हणाला, "असं," आणि जपान्यांसारखा व्यवस्थित वाकला.

शुक्रवारी सकाळी गुणवंतनं दार लावून घेतलं. आता कुणी म्हणेल, माणसाचं मन पालटलं असेल, दया आली असेल, चांगलं पानभर लिहिलं असेल. कसलं काय! डूख होता तिथंच होता, उलट आता त्याला दुसरा फणा फुटला होता. काल दुपारपर्यंत कॉलिननं त्याचं एक जानवं घेतलं होतं; आता त्यानं ते जानवं घेतल्याचं दुःखही काढून घेतलं होतं, आणि एकेचाळीस वर्षं जपलेलं हे दुःख नसेल तर गुणवंतजवळ एल्सफर्डचं दुसरं उरतं काय? शिवाय हा इथं राहिला तर आठवड्यातले तीन दिवस लिफ्टमध्ये भेटणार. एखाद्या दिवशी जोडेल दोन आणि दोन. कदाचित जोडलेही असतील. एक पत्र लेस्टरला गेलं की संपलं. गुणवंत मनाशी म्हणाला, हे जानव्यासाठी. मोठ्यानंही म्हणून पाहिलं. मग त्यानं त्या दोन शब्दांची चार अक्षरं सुबक, शिकवणीतल्यासारखी काढली आणि शिक्का दाबला. कागद ऑफिसातल्या बाईंना नेऊन दिला. बाईंनी वाचलं, क्षणभर मान खाली घातली, आणि होकाराचं 'हाय' म्हणून पाकिटात घातला.

घरी पुऱ्या तळल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. विभानं चपला काढायचीही उसंत दिली नाही. "सांगितलंस का रे? काल तर नुसता घुम्यासारखा झोपलास."

"सांगितलं." तो पानावर बसला.

"मग? ओळखलं त्यानं? काय म्हणाला?"

"रडला," गुणवंत म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून जीभ अडखळली नाही, आणि पुढचंही त्याच ओघात आलं. "हात धरले माझे. म्हणाला, गस, मला माफ कर. इतकं नीच काम मी आयुष्यात केलं नाही, म्हणाला."

"बघ!" विभानं झारा तसाच हातात धरून डोळे पुसले. "दादा हवे होते आज. त्यांना कळायला हवं होतं."

कादंबरीनं कानातली बोंडं काढली होती. कधी काढली ते गुणवंतला कळलं नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून आली आणि मोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "सॉरी म्हणाला ना तो? मग बाबा, तू त्याला माफ केलंस? जॉब दिलास?"

विभाही बघत होती. गुणवंतनं पुरीचा तुकडा मोडला.

"दिला," तो म्हणाला.

गेली दोन वर्षं कादंबरी त्याच्या शेजारीसुद्धा बसायची नाही. आता तिनं मागून दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले आणि गाल त्याच्या टकलावर टेकवला. "सुगोई, बाबा, भारी," ती म्हणाली. "आमच्या वर्गात असं एक चाललंय, एका मुलीबरोबर. सोमवारी तुझं मी सगळ्यांना सांगू?"

"सांग की," गुणवंत म्हणाला, आणि त्यानं आणखी एक पुरी वाढून घेतली.